अंगावरून वारं गेलं, की नस दबली?

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या घरी धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) झोपायला जागा पुरायची नाही. माहेरी आलेल्या आत्या, त्यांची पोरं, पाण्याचा माठ आणि कोपऱ्यात आजीची सुंभाची खाट. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. वैशाखात दिवसा पारा 44-45 ला टेकतो आणि रात्री अकरा वाजले तरी खोलीच्या भिंतीला हात लावला की चटका बसतो. म्हणून सगळं घर वर.

मी नववीत असतानाची गोष्ट. पहाटे तीनच्या सुमाराला आजीच्या आवाजाने जाग आली. ती खाटेवर उठून बसली होती, डाव्या हाताने गोधडी चाचपत होती आणि म्हणत होती, "मना हात कथा गया?" माझा हात कुठे गेला? मी बॅटरी लावली. हात जागेवरच होता. तिने तो डाव्या हाताने उचलला, सोडला, आणि ओल्या कापडासारखा तो मांडीवर पडला. शेजारच्या धाब्यावरची म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, अंगावरून वारं गेलं. झालं. आई खाली पळाली, चुलीवर लसूण-ओवा घालून तेल तापवायला लागली. तेल वर येईपर्यंत आजीची बोटं हलायला लागली होती. "मुंग्या आल्या, मुंग्या आल्या," करत ती हात झटकत होती. तरी तेल चोळलं गेलंच. सकाळी अख्ख्या गल्लीत एकच चर्चा होती: तेलाने हात आणला.

चार वर्षांनी माझ्या थोरल्या काकांचा उजवा हात असाच पहाटे पडला. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. तोंड थोडं वाकडं झालं होतं, बोलणं जड येत होतं. पुन्हा तेल तापलं. कुणी गाडी काढायचं म्हणालं तर उत्तर ठरलेलं: "आजीचा हात आला होता ना? सकाळपर्यंत बघू." सकाळची एसटी धरून दवाखान्यात गेले तोवर वेळ निघून गेली होती. आप्पा पुढे अकरा वर्षं जगले, पण उजवा हात मांडीवर ठेवूनच.

मी फिजिओथेरपिस्ट झाले ती या दोन रात्रींमुळे. त्या दोन रात्रींत काय वेगळं घडलं होतं, हे आमच्या घरात एकाला जरी माहीत असतं तर आप्पांना रातोरात हलवलं असतं. म्हणून हा लेख.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. आपण 'नस' म्हणतो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलतो. सलाईन लावायला नस सापडत नाही म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते. पिंढरीत नस चढली म्हणतो तेव्हा तो स्नायूचा गोळा असतो. आणि मानेत नस दबली म्हणतो तेव्हा तो मज्जातंतू असतो, म्हणजे मेंदूचा निरोप हाताला आणि हाताची खबर मेंदूला पोचवणारी दोरी. या एका शब्दामुळेच "हात बधिर झाला म्हणजे रक्त थांबलं" असा समज घट्ट बसला आहे. पुढच्या वेळी हात बधिर पडला की एक करून बघा. दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर अंगठ्याच्या बुडाशी ठेवा. नाडी चालू असते. हात कोमट असतो, नखं गुलाबी असतात. हाताला रक्त मिळतच असतं. उपाशी पडलेली असते ती मज्जातंतूची दोरी, आणि तीही फक्त दाबाखाली आलेल्या चार-सहा बोटांच्या जागेत.

घराचा स्लॅब टाकताना पाहिलंय ना? खाली मालाचा ढीग, वर सेंटरिंग आणि मध्ये माणसांची साखळी. घमेलं या हातातून त्या हातात जातं. मज्जातंतूतला निरोप तसाच जातो. बोटाच्या टोकापासून थेट मानेतल्या मणक्यापर्यंत एकच लांबलचक धागा असतो. त्याच्यावर चरबीयुक्त वेष्टन असतं आणि साधारण मिलिमीटर-मिलिमीटरवर ते वेष्टन सोडून धागा उघडा असतो. निरोप एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उडी मारत जातो, सेकंदाला 50-60 मीटर वेगाने. म्हणजे हाताच्या लांबीत सातशे-आठशे माणसं घमेली देत उभी आहेत असं समजा. प्रत्येक जण घमेलं नव्याने उचलतो, आणि त्यासाठी प्रत्येकाला स्वतःची ताकद लागते. सोडियम बाहेर ढकलायचं, पोटॅशियम आत ओढायचं, हे काम सतत चालू ठेवायला प्राणवायू आणि साखर हवी. ती मिळते दोरीच्या आतून जाणाऱ्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून.

हाताची मोठी धमनी दणकट असते. तिच्यातला दाब पाऱ्याच्या 120 मिलिमीटरपर्यंत जातो, ती सहजासहजी बंद पडत नाही. मज्जातंतूच्या आतल्या बारीक वाहिन्या मात्र नाजूक. सशांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे की अवघ्या 20 ते 30 मिलिमीटर दाबाने तिथला प्रवाह मंदावायला लागतो. आपल्याच डोक्याचं वजन दंडावर पडलं की एवढा दाब सहज भरतो. मग साखळीतली तेवढ्या जागेतली माणसं पाण्यावाचून खाली बसतात. वरचे धडधाकट, खालचेही धडधाकट, पण घमेलं मधेच अडतं. मेंदूला वाटतं हात नाहीच. आजी म्हणाली ते खोटं नव्हतं. तिच्या मेंदूपुरता तिचा हात खरंच गेला होता.

1931 साली लंडनमध्ये थॉमस लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मुद्दाम करून पाहिलं. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून फुगवून ठेवला आणि घड्याळ लावून बसले. पाव तासाच्या आसपास बोटांची टोकं बधिर व्हायला लागली आणि बधिरपणा हळूहळू वर सरकला. आधी जातो तो हलका स्पर्श, नंतर वेदना. कारण स्पर्श नेणारे धागे जाड वेष्टनाचे असतात आणि अशा उपासमारीत ते आधी मान टाकतात. वेदना आणि ऊन-गार कळवणारे बारीक धागे जास्त वेळ तग धरतात. म्हणून बधिर पडलेल्या हाताला कापूस लावला तर कळत नाही, पण जोरात चिमटा काढला तर आत कुठेतरी बोथट दुखतं. आपला हात कुठे आहे, कसा वाकलाय, हे न बघता कळणं तेही जाड धाग्यांचंच काम. ते गेलं की हात परक्याचा वाटतो.

आणि मुंग्या? त्या त्रास संपत आल्याची खूण आहेत. दाब निघाला, पाणी मिळालं, बसलेली माणसं उठली. पण अजून तोल नाही, रांग लागलेली नाही. जो तो मिळेल तसं घमेलं पुढे फेकतोय. निरोप नसतानाच निरोप सुटायला लागतात, मेंदूला त्यांचा अर्थ लागत नाही आणि तो त्यांना टोचणं, चावणं, झिणझिणणं असं समजून घेतो. आपल्या भाषेने यासाठी शोधलेला शब्द मला फार नेमका वाटतो. हातावर मुंग्यांची रांग सुटली की नेमकं असंच वाटतं. पाच-दहा मिनिटांत रांग पुन्हा लागते. आजीच्या वेळी तेल तापायला तेवढाच वेळ लागला. तेल आलं नसतं तरी हात आला असता.

मग रोज रात्री प्रत्येकाचं असं का होत नाही? कारण झोपेतही शरीर जागं असतं. एका अंगावर रग लागली की आपण नकळत कूस बदलतो, रात्रीत कितीतरी वेळा. ही पहारेदारी ढिली पडते तेव्हा गडबड होते. दिवसभर कापूस वेचून नाहीतर केळीचे घड वाहून थकलेल्या माणसाची झोप दगडासारखी असते. झोपेच्या गोळीने तसंच होतं, दारूने तर फारच. आणि स्वप्नं पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू निसर्गतःच सैल सोडलेले असतात. त्या झोपेतून एकदम जाग आली की हात हलत नाही म्हणून धडकी भरते.

कोणती बोटं बधिर झाली ते बघा, दबलेली जागा तिथेच सापडते. हाताला तीन मोठे मज्जातंतू आहेत. करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका बधिर असेल तर कोपर. कोपराच्या आतल्या हाडामागून तो मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत जी झणक जाते ती त्याचीच. हात पूर्ण दुमडून उशीखाली घालून झोपणाऱ्यांचा तो ताणला जातो. अंगठा, पहिली दोन बोटं आणि उरलेली अर्धी अनामिका बधिर असेल तर मनगट. गालाखाली मनगट मुडपून झोपलं की ते होतं.

तिसरा मज्जातंतू दंडाच्या हाडाला मागून वेढा घालत खाली उतरतो. तिथे त्याच्या आणि हाडाच्या मध्ये गादी नाहीच. खाटेच्या लाकडी कडेवरून हात बाहेर लोंबकळत ठेवून गाढ झोपलं तर एका बाजूने लाकूड आणि दुसऱ्या बाजूने हाड, मध्ये तो. बधिरपणा यात थोडाच असतो, अंगठ्यामागच्या कातडीवर. पण मनगट उचलता येत नाही. हात समोर धरला की पंजा केळीच्या वाळल्या पानासारखा खाली लोंबतो. डॉक्टर लोक याला सॅटरडे नाईट पाल्सी म्हणतात, शनिवारी रात्री पिऊन खुर्चीच्या पाठीवरून हात टाकून झोपणाऱ्यांवरून. माझ्याकडे मात्र असे रुग्ण शनिवारचेच येतात असं नाही. लग्नसराईत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडून आलेला वाजंत्रीवाला, रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये पुण्याहून येताना पुढच्या सीटच्या दांडीवर दंड टेकवून झोपलेला विद्यार्थी, आणि आजारी लेकराचं डोकं रात्रभर दंडावर घेऊन झोपलेली आई. त्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. पोराला खाली ठेवलं की ते रडायचं, म्हणून तिने हात हलवलाच नव्हता. सकाळी भाकरी थापायला बसली आणि पंजा उचलेना.

दाब असा तासन्‌तास राहिला तर नुसती उपासमार राहत नाही, धाग्यावरचं वेष्टनच त्या जागी सरकतं, चुरगळतं. आत धागा शाबूत असतो. वेष्टन पुन्हा बसायला काही आठवडे लागतात, क्वचित दोन-तीन महिने. तोवर मनगट लोंबत राहू नये म्हणून पट्टी द्यावी लागते, बोटं दुसऱ्या हाताने रोज हलवत ठेवावी लागतात, नाहीतर मज्जातंतू बरा होईतो सांधे आखडतात. त्या आईचा पंजा सातव्या आठवड्यात वर आला. धागाच तुटला असेल तर गोष्ट लांबते. तो वरून पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. दंडापासून कोपराखालच्या स्नायूपर्यंत दहा-पंधरा सेंटीमीटर म्हणजे तीन ते पाच महिने. या काळात "फरक नाही" म्हणून चार डॉक्टर बदलणारे मी पाहिलेत. त्यांना मी मोजपट्टीवर मिलिमीटर दाखवते.

आता आप्पांच्या रात्रीकडे येते. दबलेल्या मज्जातंतूत गडबड हातातच असते, तीही ठरावीक बोटांत, आणि बहुतेकदा कूस बदलल्यावर काही मिनिटांत उतरते. मेंदूचा झटका, ज्याला आपण लकवा किंवा वारं म्हणतो, त्यात गडबड वर असते. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने अडते किंवा फुटते. त्यामुळे बहुतेकदा हाताबरोबर त्याच बाजूचा चेहरा किंवा पाय किंवा बोलणं यांपैकी काहीतरी बिघडतं. वाऱ्याचा यात काही संबंध नाही. धाब्यावर उघड्यावर झोपल्याने लकवा होत नाही; वाढलेला रक्तदाब, साखर, तंबाखू, हृदयाची अनियमित धडधड यांनी होतो.

म्हणून रात्री घरात कुणाचा हात पडला तर तेल शोधायच्या आधी दिवा लावा. माणसाला हसायला सांगा, दात दिसू द्या. ओठांचं एक टोक खाली राहतं का? दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा. एक हळूहळू खाली येतो का? पूर्ण वाक्य बोलायला लावा. शब्द अडखळतात का, भलतेच येतात का? उठून चार पावलं चालताना, धरलेलं असताना, एक पाय ओढतो का? याला मिनिटभर लागतं. यातलं एक जरी चुकलं तर 108 ला फोन करा, नाहीतर दारात असेल ती गाडी काढा, आणि जिथे सीटी स्कॅन रात्री होतो तिथेच न्या. धुळे आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झोपेतून उठलेल्या माणसाची वेळ जाग आल्यापासून नाही, त्याला शेवटचं धडधाकट पाहिलं तेव्हापासून मोजतात. म्हणून डॉक्टरांना सांगा की रात्री दहाला जेवले तेव्हा ठीक होते. वेळ उलटली असं वाटलं तरी न्यायचंच. तपासणीत अजून उपचार होण्यासारखे आहेत असं निघू शकतं. तोंडात चहा, पाणी, औषध काही घालू नका, गिळणं बिघडलेलं असलं तर ते श्वासनलिकेत जातं.

इथे एक फसवी जागा आहे. तोंड वाकडं झालं, बोलणं अडलं आणि वीस मिनिटांत सगळं आपोआप नीट झालं, तर लोक सुटलो म्हणतात. तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो. पुढचे काही दिवस सगळ्यात धोक्याचे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी दोन गोष्टी पहाटे जाग येण्याला धरून. हाताबरोबर छातीत दाबल्यासारखं, घाम, जीव घाबरणं असेल तर तो हृदयाचा प्रश्न समजून निघा. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखायला लागलं, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, गिळता येईना, तर मण्यार चावली असू शकते. तिचा दंश बहुतेकदा दुखत नाही, खूणही बहुतेकदा दिसत नाही. त्यात सरळ प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात.

झटक्याची खूण नसेल आणि हात नुसता दबलेला असेल तर काय करायचं? फारसं काही नाही. हात मोकळा सोडा, बोटं हळूहळू मिटा-उघडा, मुंग्या जाऊ द्या. लगेच उठून जिन्याकडे जाऊ नका. निर्जीव हाताने कठडा धरता येत नाही, आणि आपल्याकडच्या कित्येक धाब्यांना कठडाच नाही. शेक देऊ नका. वीट तापवून फडक्यात गुंडाळून बधिर हातावर ठेवली आणि सकाळी फोड आले, असे तीन हात मी पाहिले आहेत. ज्या कातडीला स्पर्श कळत नाही तिला चटकाही वेळेवर कळत नाही.

कधीतरी एखाद्या रात्री झालं तर विसरून जा. रोज व्हायला लागलं तर मात्र दाखवा. रात्री दोन-तीनला उठून हात झटकावा लागतो, मग बरं वाटतं, असं असेल तर बहुधा मनगटातला मज्जातंतू अडकतो आहे. गरोदर बायकांत, थायरॉईड कमी असलेल्यांत, मधुमेह असलेल्यांत आणि मनगटाचं काम करणाऱ्यांत हे खूप दिसतं. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून झोपलं तरी कित्येकांचं भागतं. दोन्ही तळपायांना मोजे घातल्यासारखा बधिरपणा असेल तर साखर तपासा. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-12 सुद्धा.

आणि एक गोष्ट जी लोक लाजेने लपवतात. करंगळी कायमची बधिर, कोपरामागे दोरीसारखी जाड झालेली नस हाताला लागते, अंगावर फिकट चट्टा आणि त्यावर स्पर्श कळत नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. आपल्या भागातून तो पूर्ण गेलेला नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर, आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात, ती मग गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

कोपर दुमडून झोपायची सवय सुटत नसेल तर एक साधा उपाय आहे. अंघोळीचा टॉवेल कोपराभोवती सैलसर गुंडाळा आणि वरून जुन्या ओढणीने बांधा. झोपेत हात दुमडायला गेला की टॉवेल अडवतो. घट्ट बांधायचं नाही, एक बोट आत गेलं पाहिजे. आजी शेवटची कित्येक वर्षं असाच टॉवेल बांधून झोपायची. सुती, निळ्या काठाचा. आणि खाटेची लाकडी कडा दोन्ही बाजूंनी गोधडीने झाकायला लावायची, मी घरी असले की मलाच.